रिस्टोअर केलेली एमजीबी विकत घेताय? आधी सिल बघा, रंग नंतर

जाहिरात साधारण अशी असते: एमजीबी रोडस्टर, १९६७, लाल रंग, वायर व्हील्स, क्रोम नवंकोरं, पूर्ण रिस्टोअर केलेली, घ्या आणि चालवा. सोबत वीसेक फोटो, त्यातले अठरा संध्याकाळच्या उन्हात काढलेले, आणि गाडीच्या पोटाखालचा एकही नाही. इथे ब्रिटनमध्ये स्थिरावलेली आपली मंडळी चाळिशी-पन्नाशीला आली की बऱ्याच जणांना ही हौस येते, मुलं मोठी झालेली असतात, घराचं कर्ज आटोक्यात आलेलं असतं, आणि रविवारी छप्पर उघडून गल्ल्यागल्ल्यांतून फिरायला काहीतरी हवं असतं. हौसेला मोल नाही हे खरं पण वेल्डिंगला असतं आणि ते तासावर असतं. म्हणून अशी गाडी बघायला जाण्यापासून ती घरी आणेपर्यंत काय काय करायचं ते नीट लिहून ठेवतोय. उदाहरण एमजीबीचंच घेतलंय कारण नवशिक्यासाठी यापेक्षा सोपी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार नाही, पार्ट सगळे मिळतात, मेकॅनिक मिळतात, क्लब आहेत आणि गाड्या भरपूर असल्यामुळे एक हातची गेली तरी दुसरी येते.

आधी कुठली हवी ते ठरवा

भारतात एमजी म्हटलं की २०१९ ला आलेली हेक्टर आठवते, पण नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं, आणि एमजीबी बनली ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात, १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत. पाच लाखांवर गाड्या निघाल्या त्यातल्या बहुतांश अमेरिकेला गेल्या. इंजिन १७९८ सीसीचं बी-सिरीज, चार सिलिंडर, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. १९६४ पर्यंत क्रँकला (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला) तीन बेअरिंग, त्यानंतर पाच, आणि पाचवालं जास्त दणकट. १९६७ च्या शेवटी मार्क टू आली तेव्हा चारही गिअरना सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता पडायची सोय) आला, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, आणि उलटं म्हणजे पॉझिटिव्ह अर्थचं (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) वायरिंग जाऊन सरळ निगेटिव्ह अर्थ आलं. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांपायी काळे रबर बंपर आले आणि गाडी साधारण दीड इंच उंच केली, त्याने ती वळणावर जास्त झुकायला लागली. १९७७ च्या मॉडेलपासून अँटी-रोल बार लावून ते बरंचसं सुधारलं. क्रोम बंपरवाल्या महाग आणि रबरवाल्या स्वस्त राहतात त्याचं कारण एवढंच. माझं विचाराल तर बजेट कमी असेल तर खराब क्रोमपेक्षा चांगली रबर बंपर घ्या, रस्त्यावर जायला तेवढीच मजा येते, बाकी लोक काय म्हणतात ते सोडा.

जीटी म्हणजे पक्क्या छपराची, १९६५ पासून, तिच्या आकाराला पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा हात लागलेला. इंग्लंडच्या पावसात ती शहाणपणाची निवड, आणि उघड्या रोडस्टरपेक्षा स्वस्तही पडते. सहा सिलिंडरची एमजीसी आणि ३५२८ सीसीची व्ही-८ जीटी या वेगळ्या वाटेच्या गाड्या, पहिली गाडी म्हणून त्यांच्या नादी लागू नका. व्ही-८ तर २५९१ च बनल्या.

फोन करायच्या आधी घरी बसून काय बघायचं

नंबर प्लेट जाहिरातीत दिसतेच. ती सरकारच्या एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) हिस्टरीच्या पानावर टाकायची, फुकट आहे. २००५ नंतरच्या सगळ्या चाचण्या, पास-नापास, मैल, आणि टेस्टरने लिहिलेले शेरे सगळं तिथे असतं. इथे खरी गंमत असते. समजा आठ वर्षांपूर्वी शेरा आहे की डाव्या सिलला (दाराखालच्या पत्र्याच्या डब्याला) गंज, पुढच्या वर्षी शेरा की खालून जाड अंडरसील (गंज लागू नये म्हणून मारतात तो लेप) मारलंय त्यामुळे तपासता आलं नाही, आणि मग काहीच नाही, कारण २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला एमओटी सक्तीची राहिली नाही. आता विक्रेता म्हणतो गाडी रिस्टोअर झालीये. झाली असेलही, पण मग त्या शेऱ्यानंतरचं वेल्डिंगचं बिल कुठाय? हा प्रश्न लिहून घ्या आणि फोनवरच विचारा. मैलांचे आकडेही वर्षानुवर्षं जुळतात का ते बघा, जुन्या मीटरला पाचच आकडे असतात त्यामुळे ५०,००० म्हणजे १,५०,०००ही असू शकतात.

फोनवर विचारायचं ते मोजकं. काम कोणी केलं, स्वतः की दुकानात? काम चालू असतानाचे फोटो आहेत का? सिल बदलल्यात का, आणि बदलताना पुढचे विंग (चाकांवरचे मडगार्ड) काढले होते का? गाडी किती वर्षं तुमच्याकडे आहे? शेवटचं सांगायचं ते हे की मी येईन तेव्हा इंजिन थंड ठेवा, आधी चालू करू नका. यावर समोरचा कुरकुरला तर जाऊच नका. आणि न बघता डिपॉझिट पाठवा म्हणणाऱ्याला सरळ नमस्कार करा, चोरलेले फोटो लावून अशी दुकानं चालतात.

बॉडी: इथेच सगळं ठरतं

एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे दारांखालच्या दोन सिल म्हणजे गाडीचा कणाच, त्या गेल्या की गाडी मधून वाकते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं शनिवार-रविवारच्या कामात आणि शेकड्यांतल्या पैशात सुटतं, पण बॉडी सडलेली असेल तर खर्च हजारांत जातो आणि गाडी महिनोन्महिने दुकानात पडून राहते. म्हणून जो काही वेळ आहे त्यातला निम्मा इथे घालवा. कोरड्या दिवशी, दिवसाउजेडी जा, ओल्या गाडीवर प्रत्येक रंग सुंदर दिसतो.

आधी दहा पावलं लांबून बाजूने बघा. दाराच्या पुढची आणि मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर समजायचं की सिल कापताना बॉडीला आतून आधार दिला नव्हता, गाडी तशीच वाकली आणि तशीच वेल्ड झाली. हे नंतर सुटत नाही. मग दार उघडा, बंद करा, ते सहज लागायला हवं, उचलून आपटायला लागता कामा नये. विक्रेत्याच्या परवानगीने जॅक लावून एक बाजू थोडी उचला आणि दार पुन्हा उघडून बघा. दार अडकायला लागलं किंवा फट मिटली तर सिलमध्ये दम नाही. ही एक चाचणी बाकी सगळ्यांना भारी आहे.

सिल दिसते तेवढीच नसते. बाहेरची सिल, तिच्यामागे उभा पत्रा, आतली सिल, आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, असा तो डबा आहे. बाहेरची सिल पुढे विंगच्या खालून आणि मागे मागच्या विंगच्या टोकाखालून जाते. म्हणजे ती नीट बदलायची तर पुढचा विंग काढायलाच हवा, तो बोल्टचा आहे, निघतो, आणि मागच्या विंगचं खालचं टोक कापावं लागतं. ज्याला शॉर्टकट मारायचाय तो दिसणारा मधला तुकडा कापून नवा लावतो, किंवा जुन्या सडक्या सिलवरच नवा पत्रा चढवतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक खाली झोपल्यावर कळतो: जुनी चटई न्या, टॉर्च न्या आणि सरळ पाठीवर झोपा. खालच्या जोडाची कड स्वच्छ आणि एकसारखी दिसायला हवी, पाणी निघायच्या फटी उघड्या हव्यात. जोड जाडजूड, फटी बुजलेल्या, आणि त्यावर ताजं काळं अंडरसील लेपलेलं असेल तर खाली काय आहे ते देवालाच ठाऊक. रिस्टोअर करणारा प्रामाणिक असेल तर त्याच्याकडे विंग उतरवलेल्या, दारं लटकवून फट तपासत असलेल्या गाडीचे फोटो हमखास असतात, कारण तोच त्याच्या अभिमानाचा भाग असतो.

मग लोहचुंबक काढा, फ्रिजचा चालतो, पातळ फडक्यात गुंडाळा म्हणजे रंग खरचटणार नाही. पुढच्या चाकामागे विंगचा खालचा भाग, तिथे आत चिखल साठतो आणि पत्रा आतून खातो, दाराखालच्या कडा, मागच्या चाकाची कमान, आणि दाराच्या मागे सिल व विंग जिथे मिळतात तो कोपरा. चुंबक निसटला की तिथे पुट्टी-लांबी भरलीये. पातळ थर चालतो, प्रत्येक जुन्या गाडीला असतो, पण चुंबक धरतच नसेल तर तिथे पत्राच नाही. विंगच्या वरच्या कडेला, काचेजवळच्या जोडावर फुगे आलेत का ते बोटाने चाचपा. दाराच्या पत्र्यावर छोट्या तिकोनी काचेच्या बुडाशी उभी चीर पडते, ती एमजीबीची जन्मखूणच आहे, घाबरायचं नाही पण रिस्टोअर केलेल्या गाडीला ती असेल तर रंगकाम वरवरचं झालंय एवढं कळतं.

सीटच्या मागचं कार्पेट उचला. तिथे बॅटरीचे खड्डे आहेत, जुन्या गाड्यांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आणि अ‍ॅसिड सांडून ते डबे सडतात. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पुढचं टोक जिथे बॉडीला लागतं तोही भाग तिथूनच खाली बघायचा, तो गेला असेल तर प्रश्न दिसण्याचा उरत नाही, सुरक्षिततेचा होतो. पायाखालची पत्र्याची फरशी, डिकीतली स्पेअर व्हीलची जागा, सगळीकडे कार्पेट उचलायचं. विक्रेता म्हणेल कार्पेट चिकटवलंय, तर म्हणा हरकत नाही, आपण हळूच काढू.

ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून जुन्याच साच्यांवर एमजीबीची नवी कोरी बॉडी बनवते. गाडीला ती बसवली असेल तर उत्तमच, पण बिल बघा. नुसती बॉडीच पाच आकडी पाउंडांत जाते, त्यामुळे बिल हरवलं असं कुणी सहसा म्हणत नाही. शिवाय त्याच प्रकारची नवी बॉडी असली तर जुना नंबर राखता येतो.

रंग आता बघा. मूळ रंग कुठला होता ते डिकीच्या आत, डॅशबोर्डखाली, कार्पेटखाली दिसतं. लाल गाडी जरा जास्त विकली जाते म्हणून कितीतरी पांढऱ्या, निळ्या गाड्या लाल झाल्यात. रंग बदललेला चालतो, पण मग मूळ म्हणून भाव मागू नये.

खाली आणि चाकं

वायर व्हील असतील तर पुढची बाजू उचला, कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक मागेपुढे फिरवा. हब हलत नाही आणि चाक टक-टक करत थोडं फिरतं म्हणजे आतले दाते झिजलेत, नवी चाकंच नाही तर नवे हबही लागतील. ब्रेक दाबलेला असतानाच चाक वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावरही ढिलाई राहिली तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ते खिळे) गेलेत, ढिलाई थांबली तर नुसतं बेअरिंग. किंगपिनला दर ३००० मैलांना ग्रीस द्यायचं असतं आणि बहुतेक मालक ते विसरतात, ग्रीस भरायच्या निपलवर जुना कडक झालेला चिखल असेल तर उत्तर मिळालंच.

टायरची तारीख बघा, बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. रिस्टोअर केलेल्या गाड्या वर्षाला पाचशे मैल चालतात, टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर पंधरा वर्षांचं निघतं. दहाच्या वर असतील तर चार नव्या टायरचे पैसे भावातून कमी करा.

इंजिन: थंड असताना

रेडिएटरला हात लावा, कोमट लागला तर विचारा का. मग इग्निशन फक्त ऑन करा, चालू करू नका, आणि कान द्या. मागून एसयूचा पेट्रोल पंप टिक-टिक-टिक करेल, आधी भरभर, मग हळू, आणि मग गप्प. कार्ब्युरेटर भरले म्हणून तो थांबतो. थांबतच नसेल तर एकतर कुठेतरी गळतंय किंवा कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई बसत नाहीये, नाक पुढे करून पेट्रोलचा वास घ्या.

चोक ओढून सुरू करा. सुरुवातीला थोडा काळा धूर चालतो. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर बघा, आणि हा आकडा फार खरं बोलतो. पूर्ण गरम इंजिन, ३००० आरपीएमला ५० पीएसआयच्या वर हवं, आयडलला पंधरा-वीस चालतं. थंड इंजिनवर सगळ्यांचंच प्रेशर छान दिसतं म्हणून चालवून आल्यावर पुन्हा बघा. वरून टॅपेटची थोडी टिकटिक येणारच, बी-सिरीज इंजिनाचा तो स्वभाव आहे, खालून येणारी जड ठक-ठक मात्र बेअरिंगची. उतारावर गॅस सोडून मग पुन्हा दाबला की निळा धूर आला तर व्हॉल्व गाइड झिजलेत. इंजिनाच्या मागच्या टोकाला थोडं तेल पाझरणं नॉर्मल धरा, थेंब चालतील, डबकं नाही.

सिलिंडर हेड अनलेडेडवर (शिसं नसलेल्या पेट्रोलवर) चालण्यासाठी बदललंय का ते विचारा, कडक व्हॉल्व सीट बसवलेलं असायला हवं, त्याचं बिल मागा. आणि सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालंय, जुन्या रबरी नळ्या ते खाऊन टाकतं. नळ्या बदलल्यात का आणि मालक ई-५ सुपर घालतो का हे विचारलं की त्याला गाडीची किती काळजी आहे हेही कळून जातं.

विजेचं काम बघायला फार वेळ घालवू नका. लुकास या विजेचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या वायरिंगवर इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या विनोद करतात, अर्ध्याहून जास्त तक्रारी अर्थच्या गंजलेल्या जोडांच्या असतात. सगळे दिवे, वायपर, हॉर्न, इंडिकेटर एकेकदा चालवून बघा, आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून टेप गुंडाळलेल्या वायरींचं भेंडोळं लोंबतंय का ते बघा. भेंडोळं असेल तर रिस्टोअरचं काम रंगापाशीच थांबलंय असं समजा.

चालवून बघताना

निदान अर्धा तास चालवा, त्यात थोडा मोठा रस्ता हवाच. पहिल्या मैलात ब्रेक, क्लच, स्टिअरिंग कळतात. क्लचला विशेष लक्ष द्या कारण एमजीबीचा क्लच बदलायचा म्हणजे इंजिनच बाहेर काढावं लागतं. पायडल सोडताना अगदी वर येऊन पकडत असेल किंवा दाबल्यावर खरखर येत असेल तर तो खर्च धरून चाला.

गिअरबॉक्सचा दुसरा गिअर, गरम असताना, खाली आणताना दाते खातो का ते बघा. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) असेल तर ते खरंच चालतं का ते तपासायचंच, कारण जाहिरातीत लिहिलेलं आणि चालणारं यात फरक असतो. चौथ्या गिअरला टाकल्यावर एका क्षणात आरपीएम पडायला हवेत. सत्तर मैलांवर इंजिन साधारण ३९०० वरून ३१०० वर येतं, मोटरवेवर जायचं असेल तर ही चीज लाखमोलाची आहे, आमच्यासारख्या लेस्टरहून लंडनला कार्यक्रमाला जाणाऱ्यांसाठी तर नक्कीच. गॅस सोडून-दाबून मागून ठक् आवाज आला तर मागच्या अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलचे वॉशर झिजलेत, जुनी आणि प्रसिद्ध तक्रार आहे, लगेच मोडत नाही पण भावात वापरा.

रोडस्टर खडबडीत रस्त्यावर थोडी थरथरतेच, काचेची चौकट हलताना दिसते, नवी गाडी चालवायची सवय असलेल्याला भीती वाटते पण ते चालतं. दारं मात्र खडखडू नयेत. शेवटी हूड म्हणजे कापडी छप्पर स्वतःच्या हाताने उघडा आणि लावा. तो आखूड झाला असेल तर दोघांना मिळूनही लागत नाही, आणि इंग्लंडात पाऊस कधी येईल याला नियम नाही.

कागद

लॉगबुक म्हणजे व्ही-५-सी नुसतं गाडी कोणाच्या नावावर नोंदलेली आहे ते सांगतं, मालक कोण ते नाही. म्हणून विक्रेत्याचा पत्ता आणि लॉगबुकवरचा पत्ता एकच आहे का ते बघा, बॉडीवरचा नंबर लॉगबुकशी जुळवा, आणि कर्ज बाकी नाही याची ऑनलाइन तपासणी थोडे पैसे भरून करून घ्या. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर, कुठल्या देशासाठी बनली हे कारखान्याच्या रजिस्टरमधून लिहिलेलं असतं. ते नसेल तर मागवा.

अमेरिकेला जाऊन परत आलेली गाडी असेल तर लगेच नाक मुरडू नका. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातली बॉडी कित्येकदा इथल्यापेक्षा चांगली निघते. पण डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे कसं आणलं, आणि शेवटच्या वर्षांतल्या अमेरिकन गाड्यांना असलेला एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर बदलून दोन एसयू बसवलेत का, ते विचारा.

बिलांच्या फाइलला मी रंगापेक्षा जास्त किंमत देतो. तारखा, दुकानाचं नाव, काय काम, किती तास. नुसती पार्टांची बिलं असतील तर कष्ट कोणी केले हा प्रश्न राहतो, घरच्या गॅरेजमध्ये केलेलं काम वाईट नसतं, काही हौशी माणसं दुकानापेक्षा भारी वेल्डिंग करतात, पण मग फोटो हवेतच.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य, लंडनच्या युलेझचं (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं) शुल्कही नाही, पण हिस्टॉरिक वर्गात नोंद आहे का ते बघा, आणि टॅक्स शून्य असला तरी दरवर्षी अर्ज करावाच लागतो. एमओटी सक्तीची नाही म्हणून विक्रेत्याला सांगा की घेतो, पण आधी ताजी एमओटी करून द्या, पैसे मी भरतो. तिऱ्हाइत टेस्टर गाडी रॅम्पवर चढवून खालून बघतो, यासारखा स्वस्त दुसरा सल्ला नाही. नाही म्हणाला तर कारण ऐकून घ्या आणि परत फिरा.

गाडी पुढे भारतात न्यायचा विचार बरेच जण करतात, पुण्या-नाशकात बंगल्यासमोर उभी राहील म्हणून. भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. पण आयातीची ड्युटी आणि जहाजाचं भाडं धरलं की हिशोब कुठल्या कुठे जातो, त्यामुळे गाडी घ्यायच्या आधी कस्टमच्या एजंटला विचारा, घेतल्यावर नाही.

भाव आणि पैसे

एक गोष्ट विक्रेत्यालाही माहीत असते आणि ती तुम्हालाही माहीत असू द्या: दुकानातून बॉडी, रंग, इंजिन, आतलं काम असं पूर्ण रिस्टोरेशन केलं तर खर्च सहसा गाडीच्या बाजारभावाच्या वर जातो. म्हणून खरोखर चांगली रिस्टोअर केलेली गाडी विकत घेणं हे अर्धवट गाडी घेऊन स्वतः करण्यापेक्षा स्वस्त पडतं. पण याच कारणाने कुणी चांगली गाडी फार स्वस्तात देत असेल तर सावध व्हा. घासाघीस करताना रंगाला नावं ठेवू नका, माणूस दुखावतो. टायरची तारीख, डिफरन्शियलचा आवाज, नसलेलं बिल, एवढं शांतपणे मांडा.

डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने दोष निघाल्यास तीस दिवसांत परत करायचा हक्क मिळतो, खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला तो नाही, तिथे जाहिरातीत लिहिलेलं मात्र खरं असायला हवं, म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. लिलावात घेणार असाल तर बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं हे विसरू नका आणि चालवून बघायला मिळत नाही हेही. पैसे बँकेतून, गाडीसमोर उभं राहून, पावती घेऊन. इन्शुरन्स क्लासिकचा वेगळा मिळतो, त्यात किंमत आधीच ठरवून लिहून घ्या, नाहीतर अपघात झाला तर कंपनी तिला पन्नास वर्षं जुनी गाडी म्हणून मोजेल.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं बदला, मागच्याने बदलली असली तरी. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, ब्रेक फ्लुइड, कूलंट. किंगपिन, हँडब्रेकची केबल, प्रोपेलर शाफ्ट यांच्या निपलना ग्रीस द्या, वायर व्हील काढून दात्यांना पातळ ग्रीस लावा आणि तांब्याच्या किंवा रबराच्या हातोड्याने नट बसवा. पन्नास मैलांनी नट पुन्हा ठोकून बघा. एमजी कार क्लबचं सभासदत्व घ्या, १९३० पासूनचा क्लब आहे, ऑफिस अ‍ॅबिंग्डनलाच आहे, आणि तिथे एखादा आजोबा असा भेटतो की नुसत्या आवाजावरून सांगेल कुठला व्हॉल्व कडक आहे. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. डिसेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा गाडी बाहेर काढू नका, आणि चुकून निघालीच तर त्याच संध्याकाळी खालून साध्या पाण्याने, विशेषतः चाकांच्या मागे आणि सिलच्या फटींत, नीट धुऊन घ्या.